सविताला दिलेला डबा

बुधवार, रात्र. चौसाळा.

दुपारी आमच्या मेडिकलवर कंपनीचा मेसेज आला. नव्या प्रोटीन पावडरीत जंतू असू शकतात, सगळे डबे परत पाठवा. चार डबे बांधले. पाचवा मीच सोमवारी गल्लीतल्या सविताला दिला होता. तिला सातवा महिना चालू आहे. ताकद येईल, असंही मीच म्हटलं होतं.

फोन कुणी उचलेना, म्हणून तिच्या घरी गेले. पावडर दिली का विचारलं. तिची सासू म्हणाली, "रोज दुधातून देते की. कालपासून तापलीय ती. कावून, काय झालं?"

कसंबसं सांगितलं. लगेच जीपनं अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके नीट आहेत. रक्ताचा रिपोर्ट यायचाय. तो डबा मी का दिला?

मी परत निघताना सवितानं माझा हात धरला. "ताई, तुमी आलात म्हणून बरं झालं." तिचा तळवा चटका बसावा इतका गरम होता. मला तिच्याकडे बघवेना.