मिसेस ड्रेकॉटचा खरा शेवट

मी, प्रिसिला हॅदरसेज, वय एकसष्ट, अविवाहित, राहणार मिल लेन, थॉर्नबेक, यॉर्कशायर, माझ्या मागे भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पुतण्या ज्युलियनला तसे वाटणार नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

कलम १. एडमंड थ्रेल या पुरुषी नावाने छापलेल्या सातही कादंबऱ्या माझ्या आहेत. प्रकाशकाखेरीज हे कोणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. पाद्रीसाहेबांच्या पत्नी मिसेस ऑटली यांना माझ्या सहीचा एक संच द्यावा. दर गुरुवारी त्यांच्या घरी शिवणकाम करताना आम्ही बायका ही पुस्तके मोठ्याने वाचत असू. "हा थ्रेल विधुर असणार बघा," त्या म्हणायच्या. "बाईच्या मनातलं इतकं कळायला निदान दोन बायका पुरलेल्या असाव्या लागतात!" मी पुढचा टाका घालत असे. सही पाहून त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायला मी नसेन, याचे मात्र वाईट वाटते.

कलम २. ज्युलियनला माझे लिहिण्याचे मेज द्यावे, किल्लीशिवाय. दर नाताळात येऊन त्याने त्याचे कप्पे ओढून पाहिले आहेत. आता खुशाल ओढावेत. त्याच्यावर माझा संशय होता, त्याचे कारण असे. नऊ वर्षांपूर्वी 'मिसेस ड्रेकॉटचं घर' या माझ्या कादंबरीची लायब्ररीतली प्रत मी घरी आणवली. शेवटच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, "हे खोटं आहे. ती परत गेली नव्हती." खरोखरच, माझ्या पहिल्या लिखाणात मिसेस ड्रेकॉट दारुड्या नवऱ्याकडे परत गेली नव्हती. असा शेवट लायब्ऱ्या घेत नाहीत आणि त्यांनी घेतल्याशिवाय पुस्तक खपत नाही, असे प्रकाशक म्हणाला. मी मुकाट्याने तिला परत पाठवले आणि मूळची एकेचाळीस पाने चूल पेटवायला दिली. मग ती वाचली कोणी? आपले नाव आज फुटेल, उद्या फुटेल, या धास्तीत मी नऊ वर्षे काढली.

कलम ३. राहते घर माझी मोलकरीण मार्था गॉन्ट हिला द्यावे. बावीस वर्षांपूर्वी मी तिला निवडले ते तिला वाचता येत नाही म्हणून. करारावर तिने सहीऐवजी फुली मारली होती. चूल तीच पेटवते. लायब्ररीची पुस्तकेही तीच नेते-आणते. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला.

इथवर सोमवारी लिहिले आणि कागद मुद्दाम मेजावर उघडा ठेवला. वर वकिलाची चिठ्ठी ठेवली: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आज सकाळी मार्थाला हाक मारली आणि साक्ष म्हणून फुली मारायला सांगितली.

तिने हात ॲप्रनखाली घेतले. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा, बाईसाहेब."

"का गं? फुलीच तर मारायची आहे."

"फुली मारली तर घर जाईल माझं."

"बावीस वर्षं फसवलंस मला!"

"वाचता येतं म्हटलं असतं, तर ठेवलं असतंत कामावर? आणि पानं चुलीत घाल म्हणालात. वाचू नको, असं कुठं म्हणालात?"

"आणि माझं नाव? कुणाकुणाला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मिसेस ऑटली गप्प बसल्या असत्या होय?" मग ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "माझी आई नाही परत गेली, बाईसाहेब. सगळ्या गल्लीनं तिला नावं ठेवली. तिचं बरोबर होतं असं पहिल्यांदा तुम्हीच लिहिलंत. आणि छापताना तुम्हीच फिरलात."

मला राग आला होता. तो गेला, लाज राहिली.

कलम ४. 'मिसेस ड्रेकॉटचं घर' ही कादंबरी मूळ शेवटासह, माझ्या खऱ्या नावाने पुन्हा छापावी. पाने मार्थाने जपून ठेवली आहेत. कुठे, ते मला माहीत नाही. मी मागितली तर म्हणाली, "छापखान्यात नेऊन देईन. तुमच्या हातात नाही. तुम्ही पुन्हा जाळाल." हा संशय रास्त आहे.

दुरुस्ती. कलम ३ मधील "मोलकरीण" हा शब्द रद्द समजून तिथे "वाचक" असे वाचावे. हा बदल मी पूर्ण शुद्धीत केला आहे.

सही: प्रिसिला हॅदरसेज

साक्षीदार, आम्हा दोघांदेखत सही झाली:
सायलस बोल्टबी, पाववाला
नोरा टिंडल, टपालकचेरी

मार्था गॉन्ट दाराशी उभी होती. तिने सही केलेली नाही.

थॉर्नबेक, मंगळवार, १४ ऑक्टोबर १८८४