मिनिटाला ब्याण्णव

३ मार्च
आज कळमनुरी येथे रुजू झालो. भूकरमापक या पदावरील ही माझी सहावी नेमणूक. खोली प्रशस्त व हवेशीर असून मागील खिडकीतून वाळत घातलेली हळद दिसते. घरमालकीण सुमनबाई यांनी उंबरठ्यावरच ‘मोजणीसाहेब’ असे माझे बारसे केले. बाईसाहेब कधी येऊन राहिल्या, असे त्यांनी विचारले. पत्नी नीलांबरी नोव्हेंबरमध्ये वारली, असे सांगितले. त्यांनी ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती मी खाल्ली. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

६ मार्च
मागील आवारात हळद पॉलिश करण्याचा ड्रम आहे. त्याची लयबद्ध घुसघुस दिवसभर ऐकू येते. नकाशे तपासताना सोबत होते.

९ मार्च
रविवार. ड्रम बंद होता. आवाज चालूच होता.
डाव्या कानामागे बोट दाबले की तो थांबतो. घड्याळ लावून मोजला. मिनिटाला ब्याण्णव. माझी नाडी अडुसष्ट आहे.
नीलांबरी याच आवाजाची तक्रार करीत असे. जे दुसऱ्याला ऐकू येत नाही आणि मोजता येत नाही, ते अस्तित्वातच नसते, असे मी तिला ऐकवले होते. ती आणखी काही सांगत होती. मी मोजणीला निघून गेलो. त्याच दुपारी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. धमनीची विकृती होती, हे नंतर समजले.

११ मार्च
सुमनबाई वाढण्यास वाकल्या आणि थबकल्या. कानात मशीन बसवली व्हय साहेब, घुमून राहिली की, असे म्हणून हसल्या. माझ्याकडे पाहून हसायच्या थांबल्या.
म्हणजे दुसऱ्याला ऐकू येते. मी नीलांबरीच्या डोक्याला एकदाही कान लावून पाहिला नव्हता.

१३ मार्च
नांदेड. डॉ. विजया यांनी कानामागे स्टेथोस्कोप लावला. अँजिओग्राफीत निदान निश्चित झाले. मेंदूच्या आवरणात एक धमनी, मधल्या केशवाहिन्यांवाचून, थेट नीलेला जोडली गेली आहे. जांघेतून बारीक नळी नेऊन तो जोड बुजवता येतो. न बुजवल्यास रक्तस्रावाचा धोका. बुजवल्यावर आवाज नाहीसा होईल. पतिपत्नी दोघांनाही असा विकार असणे हा केवळ योगायोग, असे त्या म्हणाल्या.
हा आवाज रुग्णाच्या नाडीबरोबरच चालतो, असेही त्यांनी सांगितले. मग पुन्हा स्टेथोस्कोप लावून, माझे मनगट धरून दोन्ही मोजले. पुन्हा मोजले. कागदावर त्यांनी फक्त नाडी लिहिली.
उपचार एकोणीस तारखेस. मी होकार दिला.

१६ मार्च
नोव्हेंबरची मोजणीवही काढली. तिच्या खाटेशेजारील यंत्रावर दिसणारे ठोके मी सवयीने टिपले होते: ९२, ७०, ५३, ४१, ३०. त्याखाली रेघ आहे. मोजणी पुरी झाल्यावर ओढतो, तशी.

१८ मार्च
आवाज आज ७०.
माझी नाडीही ७०. घड्याळ तपासले. घड्याळ बरोबर आहे.

१९ मार्च
नांदेडची जीप दारात उभी आहे. सुमनबाईंनी पिशवी भरून दिली.

आवाज ५३. नाडी ५३.

चला की साहेब, काहून बसून राहिले, असे त्या बाहेरून विचारतात. उत्तर देण्याइतका श्वास —

गेल्यास जोड बुजवतील. नीलांबरी अजून सांगत आहे. तिचे सांगणे पुरे होण्याआधी मी एकदा निघालो होतो.

४१. दोन्ही.

बोटे गार. अक्षर नीट येत —
सुमनबाई दार ढकलत आहेत. कडी मी लावली होती की —

फार हळू. पण स्पष्ट. प्रत्येक ठोका —

३०

या वेळी रेघ मी ओढणार ना —