‘फारेन’चं कार्ड

मंगळवार, १२ नोव्हेंबर

हे कोशाच्या कामातून निवृत्त झाले तरी जर्मन शब्दांची कार्डं काही सुटत नाहीत. हल्ली यांचा हात थरथरतो, म्हणून लिहिते मी. आज ‘फारेन’, म्हणजे प्रवास करणं. जुन्या इंग्रजीत फारान, उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत फारा.

म्हटलं, “अहो, कागदावर एवढा प्रवास, आणि आपण गेलो लोणी काळभोरपर्यंत!”

“तिथेही तुला गाडी लागली.”

चिडलेच मी. मग म्हणाले, सोबत्याचा जर्मन शब्दही यातूनच आलाय, बरोबर प्रवास करणारा. त्याचं उदाहरण मात्र स्वतः लिहीत बसले, माझ्याकडे पाठ करून. कितीतरी वेळ.

हे फिरायला गेल्यावर मी ते कार्ड काढून पाहिलंच. त्या थरथरत्या अक्षरात फक्त माझं नाव. तीन अक्षरांचं. एवढा वेळ लागला त्यांना?