सम माझे, विषम तुझे

प्रिय पुडीबाई,

तुझं पत्र मिळालं. गुडघा दुखतो, नातीची परीक्षा आहे आणि ‘तुला जमतं गं सगळं, तूच जा’. नकाराची तीन कारणं एका पानात बसवलीस. तीस वर्षं हॉस्पिटलच्या खिडकीत बसून औषधांच्या पुड्या बांधल्यास, कडू गोळी कागदात गुंडाळून देण्यात तुझा हात कोण धरणार? पण पुढच्या महिन्यात मी पुन्हा आपल्या डोंगरातल्या तळ्यावर जाणार आहे आणि या वेळी तुला घेतल्याशिवाय जाणार नाही. हे मी विचारत नाहीये, सांगतेय. ‘हलू नका, श्वास रोखा’ असं म्हणत मी आयुष्यभर लोकांचे एक्स-रे काढले, म्हणून तुम्ही सगळ्यांनी माझं नाव फौजदार ठेवलंत. आता फौजदाराचं ऐका.

मागच्या आठवड्यात एकटीच दरीवर जाऊन आले. पहाटेची पहिली बस, खांद्यावर कॅमेऱ्याची तिवई, पाठीवर बॅग. चढावर कॉलेजची चार मुलं मला ‘आजी, हात देऊ का?’ म्हणाली. वर पोचले तेव्हा ती अजून अर्ध्या वाटेवर फतकल मारून बसली होती. मग दीड तास नुसती ढगांकडे बघत उभी राहिले. पलीकडच्या उतारावर जरा वेळ ऊन पडलं, तेवढ्यात टिपलं. फोटो झकास आलाय. स्वतःच्या तोंडाने सांगायला मला कधीच लाज वाटली नाही, आता काय वाटणार? फक्त थर्मासचं झाकण माझ्याकडून नीट लागलं नाही आणि निम्मा चहा बॅगेतल्या स्वेटरने प्यायला. मग तुझी फार आठवण आली.

आपली पहिली सहल आठवते? दोघींत मिळून एक सेकंडहँड कॅमेरा. भांडण नको म्हणून तू नियम काढलास: विषम नंबरचे फोटो तुझे, सम नंबरचे माझे. एकीने काढला की कॅमेरा दुसरीच्या हातात. समोर इंद्रधनुष्य पडलेलं असलं तरी पाळी मोडायची नाही. एकदा धबधब्यावर माझी पाळी आली आणि तेवढ्यात सगळं धुकं खाली उतरलं. मी तुझ्या नावाने बोटं मोडत पांढऱ्याफटक धुक्याचा फोटो काढला होता. मग रोल धुऊन आला की तुझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर निगेटिव्हच्या पट्टीवरचे नंबर बघून वाटण्या. तुझा नवरा म्हणायचा, भावाभावांची शेतंसुद्धा इतक्या काटेकोरपणे वाटत नाहीत.

आणि तो तळ्याचा फोटो. धुकं फाटून पाण्यात अख्खा डोंगर उतरलेला, आणि काठाला लागलेली ती एकटी होडी. आपण दोघी एकाच खडकावरून आळीपाळीने फोटो काढत होतो. प्रिंट हातात आली तेव्हा तू हळूच म्हणालीस, ‘हा मला माझा वाटतोय गं. होडी अशी कोपऱ्यात मीच घेतली होती.’ मी पट्टी दिव्यासमोर धरली, चौदा नंबर दाखवला आणि टेबलावर बोट आपटलं. चौदा सम आहे. नंबर खोटं बोलत नाही. तू प्रिंट माझ्यापुढे सरकवलीस. त्या फोटोला जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला, तो आपल्या हॉस्पिटलच्या बाहेरच्या हॉलमध्ये लागला, खाली माझं नाव. पुढच्या सहलीला तू कॅमेरा हातात घेतलाच नाहीस. ‘मला नजर नाही, तूच काढ, मी थर्मास धरते’ म्हणालीस. तू थकली असशील असं मी समजले. बावीस वर्षं तू थर्मास धरलास आणि मी एकदाही विचारलं नाही.

आता हॉस्पिटल नव्या इमारतीत जातंय. मोठ्या डॉक्टरीणबाईंना तो फोटो भिंतभर मोठा करून हवाय, म्हणून त्यांनी माझ्याकडे निगेटिव्ह मागितली. मी मंगळवारी कपाटातून ती जुनी पट्टी काढली आणि सवयीने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. जे फोटो हललेले, बिघडलेले असतात ते स्टुडिओवाला छापत नाही, त्यामुळे ते आपण कधी बघितलेच नव्हते. एक नंबरवर माझा बूट आहे. रोल मीच भरला होता, घाईत. भरताना खटका दाबला गेला असणार. सतरा नंबरवर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली आहे. फोटो हललाय, पण निळा स्कार्फ आणि डोक्यावर उलटा चढवलेला चष्मा यावरून कुणीही ओळखेल. सतरा विषम, म्हणजे तुझा. आणि त्यात तूच बसलेली.

तुझ्या लक्षात आलं असेलच. माझ्या बुटाने पहिली जागा खाल्ली आणि त्या रोलचे सगळे नंबर एकाने पुढे सरकले. त्या पट्टीवरचे सम सगळे तुझे. चौदा तुझा. तळं तुझं, होडी तुझी, आणि नजरही तुझीच होती. मी आयुष्यात एकाही पेशंटची प्लेट दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली नाही, याचा केवढा तोरा मिरवला! आणि तुझा फोटो मात्र बावीस वर्षं माझ्या नावावर. माझं चुकलं, पुडीबाई. नंबर चुकला त्याचं एवढं नाही, पण तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही, याची फार लाज वाटते. बुधवारी डॉक्टरीणबाईंना जाऊन सगळं सांगितलं. नव्या भिंतीवर तुझं नाव लागेल, स्पर्धावाल्यांनाही कळवलंय. पत्रासोबतच्या खोक्यात आपला कॅमेरा आहे. नवा रोल भरलाय, बूट लांब ठेवून, तीनदा तपासून. फोटो मोजणारा काटा एकवर आहे. एक विषम आहे, पाळी तुझी. गुडघ्याला पट्टा बांध आणि ये. थर्मास मी धरते.

तुझीच,
झाकण लावायला शिकत असलेली फौजदार