लाल खोक्यातली अकरा पानं

प्रिय छाइवेई,

तू पाठवलेला फोटो चार दिवस उघडून बघतेय. केस कापलेस, नवं जाकीट घेतलंस, आणि खाली लिहिलंस की शनिवारी छांगशाला येतेय, मोछुआन सर त्यांच्या कादंबरीवर सह्या देणारेत त्या रांगेत मला पुढे उभं कर. फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहितीये. शाळेतही माझी उत्तरं तूच द्यायचीस. म्हणून लिहितेय.

मी इथे पुस्तकं पॅक करते असं सांगितलं होतं, ते खोटं. छापखान्यातून पुस्तकाचं पहिलं पान सुटं येतं, पाचशे-पाचशेचे गठ्ठे. सही झाली की परत जातं आणि पुस्तकात बांधलं जातं. सर पांढरा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर पन्नासेक सह्या करतात, मनगट दुखल्यासारखं झटकतात आणि गाडीत बसतात. उरलेल्या पानांवर त्यांची सही आम्ही चौघी करतो. आमच्यावरच्या मिआओताई म्हणतात, "अगं, त्याच्यापेक्षा तूच जास्त मोछुआन आहेस." शाळा सोडल्यापासून मला कुणी चांगलं म्हटलं ते हेच. मला बरं वाटायचं.

वाचकांची पत्रंही इथेच येतात. सर ती बघतही नाहीत, त्यांच्या नावानं उत्तरं आम्हीच लिहितो. जे वाचून रडू येतं ते लाल खोक्यात टाकायचं. खोकं वरच्या मजल्यावर जातं. तिथे दोघं बसून सरांच्या कादंबऱ्या लिहितात.

तू सरांना लिहिलेली अकरा पानं माझ्याच हातात आली. तुझी आई लांब ग्वांगदोंगला कामाला गेली, असं तू आणि बाबांनी गावाला सांगितलंत. मलाही तेच. तिनं तळ्याकाठी जांभळे बूट जोडून ठेवले होते, आणि निघताना तुझ्यासाठी चुलीत रताळं भाजायला टाकलं होतं, हे मी तेव्हा वाचलं. दोन दिवस ती पानं पिशवीत लपवली. मग मिआओताईंनी नोंदवही बघितली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "एक पत्र कमी का आहे?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.  मी पत्र काढून दिलं, ते लाल खोक्यात गेलं.

नवं पुस्तक शुक्रवारी येतंय. चौथ्या प्रकरणात बूट आहेत. रताळंही आहे. फक्त गावाचं नाव बदललंय. बाबांच्या हातात पडायच्या आधी तू त्यांना सांग.

तू म्हणालीस, सरांना एकदा सांगायचंय की तुमची उत्तरं आली म्हणून मी तळ्याकडे जायचं सोडलं. त्यांना काही कळणार नाही, छाइवेई. हसतील आणि पुढच्याला बोलावतील. 'तुझं दुःख माझ्यापाशी राहील, सगळं लिही' हे मी लिहिलं होतं. तिन्ही उत्तरं माझी. पहिल्या पाकिटावर तुझं नाव दिसलं, वाटलं तू खूश होशील. तुला लिहायला मीच लावलं, आणि दिलंही मीच. रांगेत उभी राहू नकोस. स्टेशनवर उतर, मी फाटकाशी थांबते, हवं तर सगळ्यांसमोर मार. पण त्या तळ्याकडे जाऊ नकोस. नाव खोटं होतं, तरी तू जगावंस असं लिहिणारी मी खरी होते.

तुझीच,
फांगफेई
(ही सही माझी आहे.)