मारुती सोडून दुसरं ठिकाण

६ जानेवारी
मारुतीपर्यंत चालून आले. गिफ्ट मिळालं, नि.ला पाठवलं. आमच्या गावात गेमवाल्यांना एकच ठिकाण सापडलंय, मारुतीचं देऊळ. तिथं उभं राहून फोनवरची चकती फिरवली की गिफ्ट मिळतं आणि गिफ्टवर त्या जागेचा फोटो असतो. म्हणजे निखिल तिकडं जर्मनीत बसून रोज शेंदूर बघतोय. काल फोनवर म्हणाला, "आई, रोज मारुतीच? गावात दुसरं काही नाही का गं?" हसत म्हणाला. तरी लागलंच मला.

जाताना त्यानंच हा गेम फोनात घालून दिला. म्हणाला, तुला साखर आहे, चालत जा, रोज एक गिफ्ट पाठव. मी उघडलं की समज, बरा आहे. रोज फोन करायला त्याला जमत नाही. आधीचं उघडल्याशिवाय पुढचं पाठवता येत नाही, हा एक नियम मात्र मला पटला. पत्रांना असता तर किती बरं झालं असतं.

९ जाने.
लेव्हल वाढली! आता आपण नवीन ठिकाण सुचवू शकतो. फोटो, नाव, चार ओळी माहिती पाठवायची. कुठले कुठले अनोळखी खेळणारे ते तपासणार आणि हो-नाही सांगणार. तीस वर्षं मी वह्या तपासल्या, आता माझी तपासणार.

दुसरा विचारही आला नाही मनात. एस.टी.च्या निवाऱ्यातला ह्यांचा बाक. हे गेल्यावर मी आणि नि.नं बसवलेला, पाठीवर 'स्मरणार्थ' आणि नाव. नि. सांगलीला कॉलेजात होता तेव्हा हे रोज संध्याकाळी तिथं जाऊन उभे. गाडीच्या अर्धा तास आधी. मी म्हणायचे, अहो एस.टी. आहे, पलटण नव्हे. पण लष्करातली सवय. तेव्हा बसायला काही नव्हतं तिथं. नि. गाडीतून उतरला की दोघं एक शब्द न बोलता घरी यायचे, पुढेमागे.
हा फोटो त्याच्याकडं जायला पाहिजे.

१२ जाने.
शेजारच्या शालनला बोलले आणि फसले. सकाळी जाते तर निम्मं गाव हजर. बाक धुतलेला, झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ फोडलेला. सरपंचबाई, त्यांचे मालक, सोसायटीचे चेअरमन ओळीनं उभे. म्हटलं, बाजूला व्हा, बाकाचा फोटो आहे. शालन म्हणते, "आवं बाई, नुसत्या बाकाचा फोटू कोन काढतंय? बोडकं दिसंल की!" तेही खरंच. आमच्याकडं नवीन बोअरचा फोटोसुद्धा हाराशिवाय निघत नाही. मलाही तो हार बरा वाटला, खोटं कशाला बोलू. पाठवला.

२७ जाने.
नाही म्हणाले. कारणं: फोटोत माणसं आहेत. सजावट तात्पुरती आहे.
शालनला वाचून दाखवलं. "मग काय म्हसरं हुबी करायची व्हती व्हय?" दोघी हसलो. ती गेल्यावर घर एकदम गप्प झालं.
नि.नं आजचं गिफ्ट लगेच उघडलं. बरा आहे.

२ फेब्रुवारी
परत पाठवलं. यावेळी पहाटेच, कुणी उठायच्या आत. नुसता बाक. माहितीत ह्यांची नोकरी, निवृत्ती, गाडीची वाट बघणं, सगळं लिहिलं. लिहिता लिहिता जागा संपली.
द्राक्षांची घाई सुरू. ट्रॅक्टरवर क्रेट, रस्त्याला पाय ठेवायला जागा नाही. जतकडची माणसं आलीत खुडणीला, निवाऱ्यात गर्दी असते. बाकावर बसतात, बोचकी ठेवतात. बरं वाटतं.

१५ फेब्रु.
"साधा बाक. फक्त त्या कुटुंबापुरतं महत्त्व."
साधा बाक.
कुणी लिहिलं असेल? त्याला काय माहीत? दुपारी रडले. जेवले नाही, मग साखर खाली आली आणि गूळ खाऊन निजले. शहाणपणा. नि.ला सांगितलं नाही. फोटो बघून त्याला एकदम कळायला पाहिजे, असं मनात आहे. गिफ्ट त्यानं तीन दिवसांनी उघडलं.

१८ फेब्रु.
तानाजी पेंटर भेटला. माझाच विद्यार्थी, सहावीत बाकावर वाघ कोरला म्हणून मार खाल्लेला. सध्या बेदाण्याच्या शेडवर पाट्या रंगवतोय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, बाक साधा हाय, व्हय. पर मागची भित्त मोकळीच हाय की. तिच्यावर चित्र काढू. मग बघू कोन साधं म्हनतंय."
सरपंचबाईंना विचारलं. काढा म्हणाल्या.

२४ फेब्रु.
भिंत झाली. द्राक्षाचा मांडव, पलीकडून येणारी लाल एस.टी., आणि बाकावर फेट्यातला एक माणूस रस्त्याकडं बघतोय. तोंड निम्मं वळलेलं. तानाजीनं फोटो मागितला नाही, आठवून काढलं. शालन कंबरेवर हात ठेवून बघत होती. "दादा हुबेहूब! मिशी तेवढी लय झाली." खरंय, मिशी लय झाली. मी बराच वेळ तिथंच बसले, भिंतीला पाठ टेकून. मग वाटलं रंग ओला असेल. साडीला लागलाच थोडा.
हार घालू दिला नाही कुणाला. फोटो पाठवला. नाव दिलं 'वाट बघणारा'. ह्यांचं नाव कुठंच लिहिलं नाही. अवघड गेलं.

६ मार्च
अजून तपासणी चालूच. मारुतीला जाते, गिफ्ट घेते. पण पाठवता येत नाही. शनिवारचं नि.नं उघडलेलं नाही.
मेसेज केला, बरा आहेस ना? अंगठा आला.
अंगठ्यावरून काय कळायचं?

११ मार्च
शनिवारचं अजून तसंच. गिफ्टांची पिशवी भरत आली. सगळे मारुती. कामात असेल. तिकडं दिवस लहान असतात असं म्हणतात. आता मार्च आहे म्हणा.

१७ मार्च
झालं! मान्य झालं!! चहा गॅसवर तसाच टाकून निवाऱ्याकडं पळाले. नकाशात निळा ठिपका, दाबला तर ह्यांची मिशी. चकती फिरवली. गिफ्ट आलं. वर बाक, भिंत, गाडी, हे.
शालनला मिठी मारली रस्त्यात. ती म्हणाली, "आता धाडा की पोराला."
धाडायला गेले. जात नाही. आधीचं उघडलेलं नाही. तो शनिवारचा मारुती आडवा बसलाय.
शालनला म्हटलं, रेंज नाही.

२० मार्च
फोटो साधा व्हॉट्सॲपवर जाईल, कळतंय मला. शालनही तेच म्हणाली. पण मग तो नुसता फोटो. त्यावर आणखी एक अंगठा. मला अंगठा नकोय. त्यानं स्वतः उघडावं. त्याचाच शब्द होता, उघडलं की समज बरा आहे.

२३ मार्च
नि.चा फोन. घरमालक, नवीन मॅनेजर, थंडी. आवाज बसलेला. जेवतोस का? हो गं. मी वाट बघत होते तो गेमचं काढेल म्हणून. शेवटी म्हटलं, "मारुती उघड रे कधीतरी."
"कुठला मारुती?"
म्हटलं, गिफ्टातला.
"हां, ते होय. बघतो आई. खूप काम आहे गं." मग म्हणाला, "तू चालतेस ना रोज?"
म्हटलं, चालते.
फोन ठेवल्यावर कळलं, मी बरा आहे असं तो म्हणालाच नाही. आणि मीही विचारलं नाही.

२९ मार्च
आता मारुतीला जात नाही. संध्याकाळी निवाऱ्यात जाते. आज बघितलं, सांगलीच्या गाडीला अजून अर्धा तास होता. कुणी सांगितलं नव्हतं मला एवढ्या लवकर यायला.
खुडणीची माणसं गेली, बाक मोकळा. तिकडं आता काय वाजले असतील ते मोजलं. जेवायची सुट्टी झाली असेल, फोन हातात असेल.
गाडी आली. कॉलेजची दोन पोरं उतरली, एकाच्या बापानं दप्तर घेतलं. बापलेक पुढेमागे निघाले, न बोलता.
गाडी गेल्यावर फोन काढला. मारुती तसाच. पिशवीत जागा नव्हती म्हणून बाकीचे मारुती एकेक करून टाकून दिले. बाकाचं गिफ्ट ठेवलं.
अंधार पडेपर्यंत बसले. ह्यांच्या शेजारी.