मातेओने गाडी उजवीकडे घातली

वेरिबी, गुरुवार संध्याकाळ

मातेओचं काय करायचं? आमच्या फुटबॉल क्लबचा कोच. एकेकाळी स्पेनमध्ये मिडफिल्डला खेळायचा; मान न वळवता मैदानावर कोण कुठे आहे ते ओळखायचा म्हणे. मी इथली फिजिओ. आज ट्रेनिंगमध्ये त्याने आमच्या कॅप्टनला दोनदा ‘तोमास’ म्हणून हाक मारली. तोमास त्याच्या जुन्या टीममधला. पोरं हसली. मला नाही हसू आलं.

नंतर बाजूला घेऊन म्हटलं, “डॉक्टरकडे जाऊन ये.”

“शनिवारची मॅच होऊ दे. नो वरीज.”

मग तो पार्किंगमधून निघाला आणि गाडी थेट रस्त्याच्या उजव्या बाजूला घातली, स्पेनमध्ये चालवतात तशी. इतकी वर्षं इथे डावीकडून चालवलेला माणूस! समोरून ट्रक. मी ओरडत धावले. ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक मारला. मातेओ काचेतून शांतपणे बघत होता, जणू चूक ट्रकवाल्याचीच.

मी किल्ली काढून घेतली आणि त्याला घरी नेलं. वाटेत त्याने विचारलं, “तोमासचा पाय कसा आहे? शनिवारी खेळेल ना?”

“बरा आहे,” मी म्हणाले.

दार त्याच्या बायकोने उघडलं. मी घडलेलं सगळं सांगितलं. ती दचकली नाही, हेच मनातून जात नाहीये. तो आत गेल्यावर हळूच म्हणाली, “क्लबला तूच सांग. मला वर्षभर जमलं नाही.”